पाऊणकी

बाबांना पोहता येत नव्हतं.
एकतीस वर्षं, दिवसातून दोनदा
तारामुंबरीहून मिठमुंबरीला आणि परत,
होडीत मधोमध बसून
छत्रीचा दांडा घट्ट धरलेला,
जणू होडी बुडालीच तर छत्री तरणार होती.

घरात हे कुणालाच ठाऊक नव्हतं.
शाळेतल्या पोरांना होतं.
परवा सुतकात भेटायला आलेला साबाजी कुबल
चहा बशीत ओतता ओतता बोलून गेला:
"मास्तर व्हडयेत आसले काय आमी दोघे-तिघे
मुद्दाम तेंच्या बाजूक बसू.
तेंका कदी कळाक दिलव नाय."
आई आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

त्यांची शाळा घड्याळावर चालत नसे.
रापण ओढायची असली की अर्धा वर्ग वाळूत.
म्हणून दाराच्या फळीवर रोज खडूने तिथी,
तिच्याखाली पाऊणकी:
चतुर्थी, चार पाऊणे तीन. तीनला भरती.
पाढा एकदा खाडीत बुडवून काढला
की जन्मभर वाळत नाही, म्हणायचे.

आणि दोरखंडाने सोललेले हात घेऊन,
केसांत वाळू, अंगाला तारल्यांचा वास,
दुपारी दारात उभ्या राहिलेल्या पोराच्या नावापुढे
लाल शाईत:
उशिरा, पण हजर.
तपासणीला आलेले साहेब चिडले,
खात्यात असा रकाना नाही.
"मग आखून घ्या," म्हणाले म्हणे बाबा.
(असं बाबा सांगत. आईच्या मते
ते त्या दिवशी नुसते हसले होते.)

घरी त्यांना वेणी घालता यायची, वाकडी.
आई आजारी होती ते दोन महिने
मी वाकड्या वेणीने शाळेत गेले
आणि कुणी हसलं तर त्याच्याशी भांडले.
पगाराच्या दिवशी खाजा,
पुडीच्या कागदाला चिकटलेला गूळ
ते स्वतः चाटायचे, पाठ करून.
रात्री कंदील घेऊन
मच्छरदाणीतून बाहेर आलेले पाय मोजायचे.
आठ भरले की आईला हळूच, "पट पूर्ण."
मग वात खाली.

हात उगारला एकदाच.
माझ्या भावावर, भर वर्गात,
चूक तिघांची होती, मार एकाला,
कारण तो मास्तरांचा मुलगा.
त्या रात्री ते जेवले नाहीत.
भाऊही नाही.
आज पन्नाशी उलटली त्याची,
विषय निघाला की अंगणात जातो.

नाव विश्राम. विश्राम भिकाजी मोंडकर.
कवायतीला दुसरे गुरुजी "सावधान" म्हणाले
की अख्खी शाळा दात आवळून उभी,
पुढच्या शब्दाची वाट बघत.
तो आला की हशा,
आणि सगळ्यात मोठ्याने हसणारे बाबा.

स्मशानात सगळे नुसते उभे होते.
सुरूंच्या झाडांतून वारा,
लाकडं थोडी ओली.
मागून कुणीतरी, साठीचा असेल,
खणखणीत ओरडला, "सावधान!"
टाचा जुळल्या. चपलांच्या, बुटांच्या, अनवाणी.
तेवढं झालं.
पुढचा शब्द
कुणाच्याच तोंडून निघेना.

आता पूल आहे. होडी कुणी वापरत नाही,
एक उलटी पडलीय, तिच्याखाली मांजर व्यालंय.
आज अष्टमी. आठ पाऊणे सहा.
मी जुन्या धक्क्यावर जाऊन बसले.
सहा वाजले. पाणी तीन पायऱ्या खाली.
सव्वासहा.
समोरच्या काठावर एकेक दिवा लागत गेला,
एक म्हातारी म्हैस हाकत पुलावरून गेली,
आणि केव्हातरी, मी दुसरीकडे बघत असताना,
वरच्या पायरीला गार काहीतरी लागलं.

घरी आल्यावर पाय न पुसताच
भिंतीवरच्या कॅलेंडरजवळ गेले,
लाल पेन शोधलं,
अष्टमीच्या चौकोनात
पट्टी न घेता
एक रकाना आखला.