खोटी पट्टी

डॉक्टर हुक्केरी म्हणाल्या, मामा, स्क्रू धरणार नाही,
खाली हाड उरलंय
झिजलेल्या विळ्याच्या पात्याएवढं.
हाडावर वरूनच बसेल असा सांगाडा करू,
तुमच्याच मापाचा, टायटॅनियमचा,
छापून.

छापून म्हटल्यावर मला लग्नपत्रिका आठवली.

एकतीस वर्षं उद्यमबागेत मी पॅटर्न केले,
सागवानाचे, पंपांचे, व्हॉल्व्हचे.
माझं लाकूड रेतीत दाबायचे, अलगद उचलून घ्यायचे,
राहिलेल्या पोकळीत बीड ओतायचे दुसरेच कुणी.
माझ्या हातचं काही कुठल्या यंत्रात गेलं नाही,
गेली ती त्याची पोकळी, भरून.

माझी एक पट्टी होती.
तिच्यावरचा फूट खऱ्या फुटाहून अंमळ लांब,
कारण बीड गार होताना अंग चोरतं.
मुतग्याच्या यल्लाप्पानं एकदा तीच घरी नेली,
तिनं चौकट मापली आणि दार साध्या टेपनं.
ते दार अजून वाजतंय.

दात गेले तशी अक्षरं गेली.
त थ द ध न, सगळी ओळच्या ओळ.
बायकोला हाक मारली तर ह्वारका व्हायचं,
ती ओ द्यायची, पण जरा थांबून.
बेळगाव म्हणायला मात्र दात लागत नाहीत,
बेळगावी म्हणायलाही नाहीत,
त्यामुळे चार वर्षं मी
कुठल्याच बाजूला अडलो नाही.

मशीनपाशी ईरण्णा, बैलहोंगलचा पोरगा.
त्याचं मराठी तुटकं, माझं कन्नड बाजारापुरतं.
काचेतून दाखवलं त्यानं:
करडी पूड पसरते, वर एक ठिणगी धावत जाते,
पाट खाली उतरतो केसाच्या निम्म्यानं,
पुन्हा पूड.
रात्रभर असंच. ओतणं नाही, ठोकणं नाही,
घाम तर कुणालाच नाही.
उरलेली पूड तो चाळत होता, उद्यासाठी.
ती चाळण तेवढी ओळखीची वाटली,
आमचा रेतीवाला अशीच हलवायचा, मनगटातून.

मी विचारलं, एवढ्या आचेनं वाकत नाही काय रे?
बागतैत्रि, तो म्हणाला, वाकतंय की.
म्हणून चित्रच आधी उलटं वाकवतो.
छापून आलं की सरळ.

दुसऱ्या दिवशी पिशवीतून पट्टी नेली.
त्यानं त्याच्या मापानं मापली, दोनदा मापली,
तीन मिलिमीटर जास्त, म्हणाला, आणि माझ्याकडे बघितलं
जसं खोटं नाणं देणाऱ्याकडे बघतात.
मग त्याला कळलं.
मग त्यानं चहा सांगितला.

माझ्या जबड्याचा प्लास्टिकचा नमुना होता टेबलावर.
अंगठा फिरवून मी उतार शोधत राहिलो, सवयीनं.
उतार ठेवावाच लागतो पॅटर्नला,
नाहीतर रेतीतून निघताना कडा मोडतात.
कुठंच नव्हता.
ईरण्णा म्हणाला, हे बाहेर कुठं काढायचंय मामा?

खरंच की.
आयुष्यभर निघून यायचं तेच घडवलं,
आता बसून राहायचं ते माझ्यात.

सुजेनं दोन आठवडे पेज. टाके निघाले.
मग एकदा आरशापुढं त म्हटलं,
थोडं थुंकीसकट, पण त.
द म्हटलं. न म्हटलं.
नुसतीच बाराखडी, साठी उलटलेला माणूस,
शेजारची पोरं खिडकीत.

रात्री बायकोला सांगितलं,
हे चितेत वितळायचं नाही बघ,
राख सावडायला पोरांना चाळण घेऊन पाठव,
वर राहील ते माझं काम नव्हे,
पण माप माझंच आहे.
द्वारका, ऐकतेस काय?

तिनं लगेच ओ दिली.
म्हणाली, चाळणीचं बघू मागनं,
आधी हे चिरमुरे खाऊन दाखवा.