अकराव्या मिनिटाला

शिकुतिमीत फेब्रुवारी म्हणजे
दार उघडायलाही फावडं लागतं.
तरी ते चौघे येतात,
बूट तळघराच्या पायरीवर काढतात,
आणि नॉर्माँ दर वर्षी म्हणतो तेच म्हणतो:
"या वेळी मधे कुणी बोलायचं नाही."
मग सगळ्यांत आधी तोच बोलतो.

लँटर्नविकच्या सात रेकॉर्डी.
ल्यूजेर सहाच धरतो.
सातवीपर्यंत बासरीवाला सोडून गेला होता
आणि ड्रमवर असा कुणी आला होता
जो चारपर्यंत मोजून घरी जाई.
गिलेन म्हणते, सातवी वाईट नाही, दमलेली आहे.
नवऱ्याबद्दलही ती असंच म्हणायची.

मी यांच्यातली नव्हे.
मी रेजाँची धाकटी बहीण.
त्याच्या खोलीत मला एकाच अटीवर बसता यायचं:
उड्या मारायच्या नाहीत.
जमीन लाकडी, सुई हलकी,
बाबा ॲल्युमिनियमच्या भट्टीवर रात्रपाळीला,
आणि रेजाँ मांडीवर कव्हर उघडून.
समुद्रात बुडालेली एक शाळा,
फळ्यावर मासे.

त्याला इंग्रजी येत नव्हतं.
आतल्या पानावरच्या ओळी त्याने
शब्दकोश घेऊन सोडवल्या,
माशातले काटे काढावेत तशा.
म्हणून आमच्या घरात पहिले आलेले इंग्रजी शब्द होते
दीपगृह, कबुली, राणीमाशी.
दुकानात पाव मागायला
एकाचाही उपयोग नाही.

तिसरी रेकॉर्ड, दुसरी बाजू.
एकच गाणं, बावीस मिनिटं, सात मात्रांचं.
टेबलावर बोटं सुरू होतात,
तीन, दोन, दोन,
आणि सम प्रत्येकाला वेगळ्याच जागी सापडते.
मग भांडण. सुई उचला. मागे न्या.
"चाळीस वर्षं भट्टीचे आकडे लिहिलेत,
मोजण्यात मी चुकत नाही," ल्यूजेर म्हणतो
आणि चुकतो.

अकराव्या मिनिटाला ऑर्गन येतो.
नऊ वर्षांची होते मी. बसवलंच नाही मला.
उडी.
सुई घसरली,
'जोवर पाणी' वरून थेट 'दार' वर.
आठवडाभर रेजाँ माझ्याशी बोलला नाही.
मित्रांना मात्र त्याने सांगितलं,
कारखान्यातूनच तशी आली.

मग त्याच रेकॉर्डवरून कॅसेटी निघाल्या,
नॉर्माँची, गिलेनची, फेर्नाँच्या चुलतभावाची,
कागद गिरणीतल्या निम्म्या पोरांची.
अख्खं गाव ते गाणं
माझ्या टाचेसकट पाठ करून बसलं.

सत्याहत्तरच्या मार्चमध्ये लँटर्नविक क्वेबेकला आले.
बेकरीची व्हॅन, दोनशे किलोमीटर बर्फ,
मागे पिठाच्या रिकाम्या पोत्यांवर सहा जण.
अकरावं मिनिट आलं.
'जोवर पाणी',
आणि गायक पुढे गातच राहिला,
एक पुरती ओळ, जी आम्ही कधी ऐकलीच नव्हती,
आणि भर सभागृहात नॉर्माँ ओरडला,
"चुकले!"

यावर ते अजून हसतात.
त्या मधल्या ओळीचा अर्थ
अजून कुणी विचारलेला नाही.

रेजाँ गेल्यानंतर पेट्या माझ्याकडे आल्या.
फेर्नाँने नवी, धुऊनपुसून काढलेली प्रत आणली,
स्वच्छ, बासरीवाल्याचा श्वाससुद्धा ऐकू येणारी.
एकदा लावली.
अकरावं मिनिट गुळगुळीत निघून गेलं
आणि चौघेही खाली बघत राहिले,
जिन्यात एक पायरी कमी निघावी तसे.
"छान आहे," गिलेन म्हणाली.
ती आता माझ्या स्वयंपाकघरात असते, रेडिओमागे.

आज पुन्हा जुनी.
कडेकडेची खरखर, मग बासरी, मग बोटं.
मी कॉफी घेऊन जिन्यात उभी,
सत्तरीला टेकलेली बाई,
चार कप, ट्रे किंचित हलतोय.
सांगावं का यांना? दर वर्षी वाटतं.
नॉर्माँ बोट वर करतो:
आलं.
मी पाय घट्ट रोवते.
'जोवर पाणी'