लॉगशीटच्या मागच्या बाजूला

माझं जर्मन नंदेसरीच्या कारखान्यातलं.
झडप, गळती, दाब, सावधान:
एवढ्यावर बॉयलर चालतो,
परीकथा नाही.

चौऱ्याहत्तर साली रंगाचं यंत्र बसवायला
डीटहेल्म नावाचा फिटर आला, हेसनच्या डोंगरातला.
एक सुटा भाग बंदरात अडकला
आणि हा सात आठवडे गेस्ट हाउसात.
संध्याकाळी शेव-उसळ खायचा, नाक पुसत,
आणि मावशीकडून ऐकलेल्या गोष्टी सांगायचा.
हाताशी होता त्या कागदावर मी लिहून घ्यायचो.
पुढे तासागणिक तापमान,
मागे मीठवाल्याची मुलगी,
जिनं गिरणीवाल्याकडे सावली गहाण टाकली.

आता निवृत्त झाल्यावर, दांडिया बाजारातल्या खोलीत,
त्या मराठीत उतरवतोय.
त्यांच्याकडे मुलगी नपुंसकलिंगी.
आपल्याकडेही आहेच की, ते पोर!
खटकन बसलं, आटे जुळलेल्या नटासारखं.
बाकी सगळं ढिलं.

झाडीला त्याचा शब्द होता वाल्ड.
वनात ऋषी असतात, जंगलात वाघ,
रानात आपली माणसं सरपण गोळा करतात.
त्याच्या झाडीत कुणी राहत नाही,
ती एकटीच राहते.

'विश्वामित्रीचा काठ लिहा,' शरयू म्हणाली,
भाजी निवडता निवडता.
'तिकडे जाऊ नको म्हणताना
आवाज बदलतोच ना आपला?'
लिहिलं. लांडग्याच्या जागी मगर आली,
पुलाखालून गोष्ट थेट शहरात शिरली.
खोडलं.

सावली सोडवायला गेलेल्या पोराच्या
शेवटच्या चार ओळी ग्रीसनं खाल्ल्यात.
डीटहेल्मला पत्र टाकलं.
पाच महिन्यांनी तेच परत, जांभळा शिक्का मारून:
घर सोडलं, नवा पत्ता माहीत नाही.
हे वाचायला कोश लागला नाही.

त्याच्या गोष्टी सुखानं नांदत नसत.
'मेले नसतील, तर आहेत अजून,' एवढंच म्हणून थांबायचा.
मला ते अभद्र वाटायचं. बदलू का, विचारलं होतं.
म्हणाला, 'यंत्राचंही आपण असंच लिहितो ना?
पाहिलं तेव्हा चालू होतं.'

कागद पालटला.
रात्री दहा. एकशे ब्याऐंशी अंश. दाब स्थिर.
खाली त्याची सही आणि माझी.
अकराची नोंद नाही.