साफ केलेली प्रत

स्टुडिओ म्हणजे टायरवाल्याच्या मागची खोली.
भिंतींना अंड्यांचे ट्रे, दाराला घोंगडी,
आणि वीज यायची रात्री दहाला, आली तर.
बुलावायोतली त्या वर्षांतली सगळी गाणी
दहा ते चारच्या दरम्यान जन्मलीत.
नीट ऐका, प्रत्येकात एक दाबलेली जांभई आहे.

लोमागुगू आली ती पैसे मोजतच.
तीन देशांच्या नोटा, रुमालाला तीन गाठी.
"दोन तास. आणि पाणी पिण्याचा वेळ धरायचा नाही."
दिवसभर शाळेचे गणवेश शिवून
बोटांना निळे धागे चिकटलेले.
मी म्हटलं, आधी गळा मोकळा करून घ्या.
"तो रस्त्यात केला. घड्याळ लाव."

आमच्या भाषेत जीभ टाळूला लावून
टॉक् करून सोडली, की ते अक्षर होतं.
अंडं म्हणताना टॉक्.
काही मागताना च्च, दातांमागून.
गप्पा मारायच्या तर गालातून,
बैल हाकताना काढतात तसा आवाज.
मीटरचा काटा दर वेळी लाल घरात उडी मारायचा.
मी माईक वीतभर मागे घेतला, मग दोन वीत.
अकराव्या टेकला कोंबडा आरवला.
बाराव्याला तिनंच हात वर केला:
"रडल्यासारखं झालं. पुन्हा."
तेराव्याला वीज गेली,
पण शेवटची ओळ संपल्यावर.
कारकीर्द म्हणजे काय असं कुणी विचारलं
तर मी अजून हेच सांगतो.

मँचेस्टरच्या कंपनीनं तिसऱ्या महिन्यात
प्रत परत पाठवली. साफ केलेली.
सोबत करार, एकोणीस पानं.
हेडफोन लावून ती ऐकत राहिली, मान तिरकी,
शिवण उसवल्यावर बघतात तशी.
मग म्हणाली,
"माझे दात पडलेत का रे, म्थाबिसी?"

त्यांच्या यंत्राला वाटलं, रेकॉर्डवर ओरखडे आहेत.
तांदळातले खडे वेचावेत
तसे त्यानं एकूण एक वेचले.
अंडं गेलं, मागणं गेलं, गप्पा गेल्या.
उरलं ते गोड होतं.
कुणाचं, ते सांगता आलं नसतं.

मी पत्र लिहिलं. उत्तर आलं, नम्र होतं:
इकडच्या लोकांना वाटेल, रेकॉर्ड खराब आहे.
"लिही," ती म्हणाली,
"पहिल्यांदा वाटेल. दुसऱ्यांदा नाही वाटणार."
त्यांनी आगाऊ रक्कम निम्मी केली.
तिनं दोन रात्री एकोणीस पानं वाचली,
ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत,
आणि कापडावर खुणा करायच्या खडूनं
सातवं कलम खोडलं.
सही मात्र पेननं. स्वतःच्या.

त्या यंत्राला एक बटण असतं:
काय काय टाकून दिलं, तेवढंच ऐका.
एका रात्री काम नव्हतं, मी ते दाबलं.
ना शब्द, ना चाल.
अंधारात नुसतं टॉक्, च्च, टॉक् टॉक्,
कुणी तरी बंद घरात दिवा शोधतंय असं.
ती दारात उभी होती, हिशोबाची वही घेऊन.
"हे कोण?"
"तुम्हीच."
बराच वेळ काही बोलली नाही.
"हे आधी लाव. चार मात्रा.
मग मी येते."

गाणं लागतं अधूनमधून रेडिओवर.
दर तीन महिन्यांनी हिशोब येतो,
दोन पानं भरून देशांची नावं,
खाली बेरीज: पाव आणि अर्धं पुडकं चहा.
गणवेश ती अजून शिवते.
जानेवारीत पोरं मापाला येतात,
टेप छातीभोवती फिरत असताना
मुद्दाम त्या चार मात्रा वाजवतात, जिभेनं.
ती डोळे वटारते.
तोंडात टाचण्या धरलेल्या असतात,
उलट टॉक् करता येत नाही.