पिन एकवीस

मे महिना. विडी घरकुलात रात्री अकराला
भिंतीला पाठ टेकवत नाही.
समोरच्या शेडमधले आठ माग टॉवेल विणताहेत,
आणि माझ्या मांडीवरचा जुना, दुसऱ्या हातचा लॅपटॉप
ठामपणे सांगतोय
की त्याला हेडफोनचं भोक नाहीच.

भोक आहे. डाव्या अंगाला.
करंगळीचं नख घालून पाहिलंय मी.
पण चिपला कारखान्यातच कुणीतरी पढवून ठेवलंय:
पिन एकवीस : चार, पाच वेळा एक, एफ, शून्य.
म्हणजे, इथे तार आलेली नाही.
(ही एकवीस सोळाच्या हिशेबातली.
आपल्या बोटांवर मोजली तर तेहेतीस भरते.)
ड्रायव्हर बिचारा यादी वाचतो, कडी वाजवत नाही,
खानेसुमारीच्या मास्तरासारखा
कुलूप लिहून पुढच्या दारी जातो.

बाबा खाटेवरून उठून मागे येऊन उभे राहिले.
बावीस वर्षं त्यांनी जेकार्डची कार्डं टोचली.
चादरीवरचा मोर आधी पुठ्ठ्यात असायचा,
नुसती भोकं आणि न-भोकं,
पिसारा कुठे सुरू होतो ते फक्त त्यांना दिसायचं.
स्क्रीनवरचे आकडे त्यांनी बोट लावून मोजले.
"आठ," म्हणाले.
आणि जरा वेळाने,
"नक्षी चुकली की मागाला शिव्या देत नाहीत, बिड्डा.
कार्ड काढ. कुठलं भोक राहिलं बघ."

म्हणून कार्ड काढलं.
शून्य तीन : खोबण, डावीकडे.
दोन : हेडफोन.
एक : साडेतीन मिलिमीटर.
पुन्हा एक, कारण रंग काळा
(चिपला रंग कशाला लागतो, मला विचारू नका,
पण नाही लिहिला तर तो तिचा अपमान).
मग शून्य : वायर खुपसली की कळू दे.
उरलेले दोन आकडे कोण कुणाच्या पंगतीला बसतं त्याचे.

पहिल्या खेपेला एकवीसऐवजी बारा टाइप झालं
आणि आतल्या माईकने स्वतःला हेडफोन समजून
साफ मौन धरलं.
दुसऱ्या खेपेला वीज गेली.
माग थांबले. गल्लीत एवढी शांतता
की वरच्या मजल्यावर कोरल्ली काकू सुपात विड्या मोजतात
ते ऐकू आलं. मला.
बाबांनी अंधारातच कडक भाकरी मोडली,
शेंगाचटणीचा डबा माझ्याकडे सरकवला.

सव्वा वाजता वाजलं.
हेडफोन त्यांच्या कानांवर ठेवले, सूर एकेक सोडला.
पाचशे हर्ट्झ. मान हलली.
हजार. "हां."
दोन हजार. "लांबून येतंय, होटगी रोडवरून आल्यासारखं."
चार हजार.
ते माझ्याकडे बघत राहिले.
"लाव की."

लावलं होतं.
आवाजाची पट्टी पाहिली, म्यूट पाहिलं,
पिन एकवीस पुन्हा वाचली. जागी होती.
आकडे बरोबर, आठच्या आठ.
समोर माग परत सुरू झाले होते, खटॅक-खट, खटॅक-खट,
चाळीस वर्षं ज्या शेडमध्ये कुणी कानात कापूस घातला नाही
कारण कापूस विणायचा असतो.
मी गुपचूप हजारावर आले.
"आत्ता वाजलं," म्हणाले, आणि हेडफोन नीट घडी करून ठेवला,
ज्याची घडी होत नाही.

पॅच पाठवला : अधिक सात ओळी, वजा काही नाही.
तीन दिवसांनी परत आला,
टॅबच्या जागी आठ मोकळ्या जागा दिल्या होत्या म्हणून.
बाबांना सांगितलं तर खूश झाले.
"बघणारा चांगला आहे. धागा मोजतो."

दुरुस्त करताना शेवटी एक ओळ वाढवली :
तपासणार, नरसय्या येमूल, सोलापूर.
त्यांनी चष्मा लावून ती वाचली, इंग्रजी असली तरी
स्वतःचं नाव माणूस ओळखतोच.
"माझं कशाला?" म्हणाले.
"चौथं मला कुठं ऐकू आलं."

मी टॅब मोजत राहिले.