देय स्थळ

मी जमीन मोजणारा माणूस. वेंडेल प्रुइट.
मला साक्षीला बोलावतात ते बहुतेक कुंपणांसाठी,
कुणाचं गुदाम कुणाच्या हद्दीत हातभर घुसलं, असल्या कामाला.
या वेळी बोलावलं
एका ओळीसाठी.

वचनचिठ्ठी एका पानाची.
अकरा हजार चारशे डॉलर, छत्तीस हप्ते,
खाली सही: डेल्फिना ओरोझ्को,
समुद्राकाठी बोटींच्या गाद्या शिवणारी बाई.
जाड कॅनव्हास शिवणारं मशीन घेतलं होतं तिनं.
एकोणीस हप्ते भरले,
मग वादळात धक्का गेला,
धक्क्याबरोबर बोटी, बोटींबरोबर गाद्या.

सहीच्या वर, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत:
'रक्कम टार्बॉक्स येथील आमच्या कार्यालयात देय.'
तेवढ्या आधारावर क्लिफर्ड हॅगुडनं दावा लावला इथं,
हॅस्लर काउंटीत,
तिच्या दारापासून नऊ तासांवर,
जिथं समुद्र म्हणजे बँकेच्या कॅलेंडरवरचा जुलै महिना.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
कुठल्या कोर्टाची, ते म्हणीत नाही.
ते चिठ्ठीत असतं.
आणि न येणाऱ्याविरुद्ध निकाल
दुपारच्या जेवणाआधी लागतो.

पण ती आली.
रात्रभर गाडी हाकत,
बोटांना सुयांचे जुने डाग,
थर्मासमध्ये संपलेली कॉफी.

तिच्या तरुण वकिलाला एवढंच सुचलं होतं
की गावाचं नाव म्हणजे काउंटीचं नाव नव्हे.
म्हणून मी.

मी नकाशा उलगडला. सांगितलं:
हद्द टार्बॉक्सच्या मधून जाते,
न्हाव्याच्या दुकानामागून तिरकी,
आणि श्री. हॅगुड यांच्या कार्यालयात शिरते.
दार हॅस्लरमध्ये. गल्ला लेअर्डमध्ये.
मधे साधारण अडीच फूट काउंटर.

कुणीतरी मागे हसलं.
न्यायाधीश बाई हसल्या नाहीत.
हॅगुडचा वकील उठला:
पैसे दिले जातात कुठे, प्रुइटसाहेब,
हात पुढे होतो तिथं, की खण उघडतो तिथं?
मी म्हटलं, मी जमीन मोजतो.

तेव्हा डेल्फिना, कुणी न विचारता:
'मी ते दुकान आज पहिल्यांदा पाहिलं.
मी पैसे टपालपेटीत टाकायची.
आमच्या गल्लीतल्या. निळ्या.'

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.
चिठ्ठी उजेडात धरली,
जणू कागदाच्या पोटात तिसरीच काउंटी सापडेल.
मग म्हणाल्या, जागा नीट लिहिलेली नाही,
जागा नीट नसेल तर दावा प्रतिवादीच्या घरी जातो.
पाठवा.

बस, एवढंच. कर्ज जिथल्या तिथं.
हॅगुडनं टोपी घातली,
म्हणाला, कोर्ट काय, तिकडेही आहे.

बाहेर तिनं मला विचारलं, ती हद्द कुठंय?
मी तिला न्हाव्याच्या दुकानामागे नेलं,
फरशीत ठोकलेला पितळी खिळा दाखवला.
तिनं त्यावर बुटाची टाच टेकवली, जरा फिरवली,
सिगारेट विझवावी तशी.
मग गाडीत बसली.
सतरा हप्ते शेजारच्या सीटवर बसून तिच्याबरोबर गेले,
पण आता
घराच्या दिशेनं.

संध्याकाळी मी कपाट उघडलं.
गेल्या वर्षी मोजणीचं नवं यंत्र घेतलं मी,
पैसे हॅगुडचेच.
दिव्याखाली चिठ्ठी धरून शोधली ती ओळ.
'रक्कम येथे देय:'
आणि पुढे मोकळी जागा.
नुसती रेघ, दोन इंच सरळ,
नंतर भरायची राहिलेली,
खाली माझी सही.