आलुबुखाराची बी

कॅम्परव्हॅन गावाबाहेर लावून
आम्ही पायीच शिरायचो आत.
शरयूच्या पिशवीत उरलेला चिवडा,
माझ्या बुटात खडा.

स्लोव्हेनियातल्या कुठल्याशा हौदापाशी
एका म्हाताऱ्यानं हातवाऱ्यांनी विचारलं : कुठले?
शरयूनं काडीनं धुळीत भारत काढला,
श्रीलंका विसरली,
आणि मधोमध बोट टेकवलं.
त्यानं तोंडातली आलुबुखाराची बी काढली,
शर्टाला पुसली,
बरोब्बर तिथे ठेवली.

आता मे महिना.
कूलरला नवा वाळा लावायचा राहिलाय.
झिरो माइलच्या सिग्नलला
हिरवा होऊनही मी थांबलेला,
मागून कुणी ओरडतं :
'काका, निघा ना जी!'
स्कार्फमधून शरयू म्हणते,
पाहा बरं,
उगवली का?